चाल आणि तिचें काम

"हल्लींच्या गाण्यांत पूर्वीची गोडी राहिली नाहीं," ही तक्रार प्रत्येक पिढीच्या तोंडीं असते. ती पारखावयाची तर दशकाशीं दशक तोलून भागत नाहीं. कारण मागल्या दशकांतील हिणकस गाणीं काळानें केव्हांच पाखडून टाकलेलीं असतात. म्हणून आम्ही एकच उदाहरण घेतों. 'कट्यार काळजात घुसली' हें नाटक १९६७ मध्यें रंगभूमीवर आलें. त्याचें संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचें. त्यावरील चित्रपट २०१५ मध्यें निघाला, व त्यांत जुन्या पदांच्या शेजारीं शंकर-एहसान-लॉय यांचीं नवीं गाणीं आलीं.

नवीं गाणीं गोड आहेत, हें आम्ही निःसंकोच मान्य करतों. नाट्यगृहाची पायरी न चढलेल्या तरुणांस त्यांनीं या संगीताकडे वळविलें, हेंही थोडें नव्हे. परंतु जुन्यांपैकीं एकच पद नाटकांत दोन घराण्यांच्या दोन चालींत येतें: एक चाल संथ, ठाय लयीची, दुसरी चपल, तानांनीं खेळणारी. शब्द तेच, तरी पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब यांच्या गायकींतील भेद श्रोत्यास तेथेंच उमगतो, संवादाची गरज उरत नाहीं. नव्या गाण्यांतील भक्ति किंवा कव्वालीचा बहर प्रसंग सजवितो. पात्राचा स्वभाव मात्र क्वचितच सांगतो.

आमच्या मतें उणीव आहे ती येथें, गोडींत नव्हे. सबब रसिकांनीं नव्या संगीतकाराकडे जुनी चाल मागूं नये. चालीनें जुन्याइतकें काम करावें, एवढें मात्र अवश्य मागावें.