नवजात अतिदक्षता सेवेची राष्ट्रतुलना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अतिदक्षता विभागातील खाटांची संख्या ही देशाच्या नवजात आरोग्यसेवेची मोजपट्टी मानली जाते. थॉम्पसन, गुडमन व लिटल यांनी २००२ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व ब्रिटन यांची तुलना करून हा समज तपासला. दर १०,००० जिवंत जन्मांमागे अमेरिकेत ६.१, ऑस्ट्रेलियात ३.७, कॅनडात ३.३ आणि ब्रिटनमध्ये २.७ नवजात शिशुतज्ज्ञ होते. जन्मांच्या प्रमाणात ब्रिटनमधील अतिदक्षता खाटा अमेरिकेच्या सुमारे एक पंचमांश होत्या. तरीही समान जन्मवजनाच्या अर्भकांचा मृत्युदर अमेरिकेत सातत्याने कमी आढळला नाही.

चिकित्सा :
जन्मवजनानुसार केलेले वर्गीकरण हे या अभ्यासाचे बलस्थान होय. केवळ एकूण मृत्युदर पाहिल्यास कमी वजनाची अर्भके अधिक जन्मणारा देश उपचार चांगले असूनही मागे पडतो.

मर्यादा मात्र दोन आहेत. पहिली नोंदणीची. जन्मानंतर लगेच दगावलेले अत्यल्प वजनाचे अर्भक जिवंत जन्म मानावे की मृतजन्म, याची रीत देशोदेशी भिन्न आहे. त्यामुळे १००० ग्रॅमखालील गटात ऑस्ट्रेलियातील मृत्यूचा धोका अमेरिकेच्या ०.८४ पट आला, याचे सर्व श्रेय सेवेला देता येत नाही. १००० ते २४९९ ग्रॅमच्या गटात हा दोष कमी संभवतो. तेथे ब्रिटन ०.९५ व ऑस्ट्रेलिया ०.९७ असे अमेरिकेच्या जवळपास आहेत. कॅनडा मात्र १.२६ आहे. म्हणजे ‘अधिक खाटा म्हणजे नेहमीच अधिक जीवदान नव्हे’ एवढाच निष्कर्ष टिकतो. ‘खाटा कमी असल्या तरी चालेल’ हा टिकत नाही.

दुसरी मर्यादा अशी की चारही देश संपन्न आहेत. गुडमन व सहकाऱ्यांच्या २००२ मधीलच अमेरिकेतील प्रदेशनिहाय अभ्यासात २.७ तज्ज्ञांच्या प्रदेशांपेक्षा ४.३ तज्ज्ञांच्या प्रदेशांत मृत्यू कमी होते. त्यापुढील वाढीने लाभ वाढला नाही. उंबरठ्याखालील देशांना संपन्न देशांचा निष्कर्ष लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

समारोप :
उर्वरित तीन देशांत प्रसूतिपूर्व वैद्यकीय सेवा व कुटुंबनियोजन सेवा मोफत होती, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. गडचिरोलीतील गावांत घरोघरी दिलेल्या नवजात सेवेने मृत्युदर घटल्याचे डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. केवळ खाटा मोजणाऱ्या तुलनेत अशा सेवेची नोंद शून्य होते. क्षमतेची व्याख्या विस्तारल्याशिवाय राष्ट्रतुलना अपुरीच राहील.