निकाल ठाऊक नसलेला कागद

फुटबॉल स्पर्धांची जुनी पोस्टरे जमवणारे सहसा चित्रकाराच्या नावाला भुलतात. १९३० च्या पहिल्या विश्वचषकासाठी गिलेर्मो लाबोर्दे यांनी रंगवलेला, वरच्या कोपऱ्यात झेपावणारा गोलरक्षक काय किंवा १९८२ च्या स्पेनसाठी होआन मिरो यांनी उधळलेले रंग काय, चित्रे देखणी आहेतच. पण पोस्टर आठवण जागवते ते चित्रामुळे नव्हे. ते सामन्याआधी छापले जाते, त्याला निकाल ठाऊक नसतो. मिरोंच्या चित्रात पाओलो रोसी नाही. बंदी भोगून नुकताच परतलेला हा खेळाडू सहा गोल करून इटलीला जिंकून देईल, हे पैजेवर सांगणारे इटलीतही फारसे निघाले नसते. करंडक आणि छायाचित्रे जे घडून गेले ते सांगतात. पोस्टरात मात्र त्या दिवसाची उत्कंठा शाबूत राहते.

हैदराबादच्या फुटबॉलच्या आठवणींची उणीव नेमकी इथे आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला, १९६२ ला जकार्तातल्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळाले. पीटर थंगराज, तुलसीदास बलराम, युसूफ खान ही नावे जुने लोक आजही घेतात आणि २०२४ मध्ये रहीम यांच्यावरचा ‘मैदान’ चित्रपटही आला. पण हा सगळा विजयांचा जमाखर्च झाला. फतेह मैदानावरच्या सामन्याआधी शहर काय बोलत होते, ते त्यातून कळत नाही. कोणी म्हणेल, आपल्याकडच्या जाहिराती म्हणजे नुसती अक्षरे, त्यात कला कसली? पण छत्ता बाजारातल्या कातिबांच्या, म्हणजे सुलेखनकारांच्या, शहराने तरी अक्षरांना कमी लेखू नये. शिवाय १९५६ पर्यंत औरंगाबाद, नांदेडही हैदराबाद राज्यातच होते, म्हणजे मराठी वाचणारेही होते. एखादे पत्रक कोणत्या लिपीत निघाले, तिकीट किती आण्यांचे, वेळ कोणती, यावरून प्रेक्षक कोण होता ते कळते. मिरोंकडून एवढे कळत नाही.

आता पोस्टरे मोबाइलवर निघतात आणि रंगकाम पूर्वीपेक्षा सफाईदार असते, हे मान्य. जुन्यांची पुनर्मुद्रणेही स्वस्तात मिळतात, पण ती भिंत सजवतात. घडी, खळीचा डाग, फाटलेली कड त्यांच्यावर नसते. पडद्यावरच्या चित्राचा भरवसा किती धरायचा? २० मार्च २०२२ ला मडगावात गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने पेनल्टी अडवून हैदराबाद एफसीला इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकून दिली; २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला, नावही बदलले. फलक छापला असता तर त्यावर शहराचे नाव तरी उरले असते. हैदराबादच्या मराठी घरांत जुन्या पेटीत रोव्हर्सचे तिकीट, सामन्याचे पत्रक सापडले, तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला द्या आणि मागे तारीख लिहून द्या.