साखरेच्या बेटावर खाडा दिसत नाही

मॉरिशसवरील मराठी प्रवासवर्णने वाचताना आम्हाला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. निळे पाणी, पांढरी वाळू, मराठी आडनावाचा कुणी भेटला की लेखकाचे भरून आलेले डोळे, झाले! क्रूझचे जहाज पोर्ट लुईला दिवसभर थांबते; लेखकही तेवढाच थांबतो. आप्रवासी घाट बंदरावरच आहे, 2006 पासून जागतिक वारसा. त्याच्या 16 पायऱ्या मोजायच्या, फोटो काढायचा आणि पुढे हॉटेलच्या जेवणाचे वर्णन.

त्या पायऱ्या चढणाऱ्यांचा हिशेब काय होता? 1835 साली तिथली गुलामी संपली आणि मळेवाल्यांना उसासाठी माणसे हवी झाली. 1834 पासून 1920च्या दशकापर्यंत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसे उतरली. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरी-साताऱ्याकडचीही होती. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापत. पोफाळीच्या साखर कारखान्याभोवतीच्या आमच्या उमरखेड-पुसद भागात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उचल, मुकादम, खाडा एवढे शब्द पुरतात. प्रवासवर्णनांत नेमके तेच येत नाहीत. म्हणून ती आम्हाला खोटी नव्हे, पण अर्धी वाटतात.

अभिमन्यू अनत मॉरिशसमध्येच जन्मले. त्यांची ‘लाल पसीना’ (1977) ही हिंदी कादंबरी या मजुरांचीच आहे. तिच्यातली माणसे मधूनमधून भाषण करतात, हे खरे. तरी ऊस तिथे देखावा नसतो, काम असते. बो प्लांचा साखर कारखाना 1999 मध्ये बंद पडून 2002 मध्ये त्याचे संग्रहालय झाले. पर्यटक तिथे साखरेचे नमुने चाखतात. त्याआधी ही कादंबरी वाचलेली असेल तर जिभेला वेगळेच काही लागेल.

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हाला आणखी एक उणीव जाणवते. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात हे लेखक अभिमानाने नोंदवतात. उर्दूही शिकवतात, हे सहसा राहून जाते. पोर्ट लुईत मुहर्रमला ताजिया निघतो, त्याला तिथे घून म्हणतात. वऱ्हाडातल्या सवाऱ्या पाहिलेल्या वाचकाला ही माहिती परकी वाटली नसती. देवळाचा कळस लांबून दिसला, जुम्मा मशीद मात्र बाजाराजवळ असून दिसली नाही, ही नजर कसली?

मजुरांच्या आगमनाच्या नोंदी मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. जहाज सुटायला अवकाश असेल तर पुढच्या लेखकाने तिथे जरूर जावे.