दुरुस्तीची खूण

मंडळी, हेंद्रेपाड्यात जीसीसी या कंपायलरवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असं कुणी विचारील. पण आमचा प्रश्न जुनाच आहे: दुरुस्ती केली, तर तिची खूण कुठे ठेवायची?

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. काय काय बदललं, त्याची यादी मात्र आपल्यापाशी नाही. उलट भांडारकर संस्थेच्या महाभारताने (1966 साली पूर्ण) वगळलेले श्लोकही तळटीपांत, परिशिष्टांत राखले. डेबियनची रीत ही दुसरी. जीसीसीचा मूळ कोड एका गठ्ठ्यात. स्वतःचे बदल वेगळ्या फोल्डरमध्ये, एकेक पॅच, डोक्यावर कारणाची ओळ. कोणता केव्हा लावायचा, ते आणखी एका फाइलीत. संपादकाचा हात दिसतो, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

तक्रार आहे ती 'गिट-अपडेट्स' या पॅचबद्दल. आवृत्ती निघाल्यानंतर मूळ प्रकल्पाने केलेल्या दुरुस्त्या त्यात एकगठ्ठा येतात. सोयीचं आहे, मान्य. पण एकेकीचं कारण शोधायला पुन्हा जीसीसीच्याच इतिहासात जावं लागतं.

आणि मूळही अगदी जसंच्या तसं नाही बरं का. जीसीसीच्या माहितीपुस्तिकेच्या परवान्यात काही भाग बदलायला मनाई आहे, म्हणून डेबियनने ती मुख्य संग्रहातून काढून 'नॉन-फ्री'त ठेवली. बदलता न येणारा मजकूर नको, म्हणून ग्रंथालाच कात्री! तत्त्व आम्हाला पटतं. पण झळ नवशिक्याला बसते: डेबियनवर नुसता कंपायलर बसवून 'मॅन जीसीसी' टाइप करून बघा, पान येत नाही.