गोलांची गणती आणि गुणांची पारख

संख्या ही मोठी फसवी वस्तु आहे. ती दिसते सर्वांत निःपक्षपाती, आणि म्हणूनच तिच्या आड दडलेला पक्षपात सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. फुटबॉलच्या खेळांत सर्वांत मोठा गोल करणारा कोण, हा वाद जगभर चाललेला असतो. आणि त्या वादांत जुन्या पक्षाचे व नव्या पक्षाचे लोक दोघेही आंकड्यांचींच शस्त्रें परजीत असतात. आपण एकच आंकडा घेऊन पाहूं. १९५८ सालीं स्वीडनमध्यें झालेल्या जागतिक स्पर्धेंत फ्रान्सच्या जुस्त फोंतेन यानें सहा सामन्यांत मिळून १३ गोल केले. पुढें ११ एप्रिल २००१ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्प्सन यानें अमेरिकन सामोआविरुद्ध एकाच सामन्यांत १३ गोल केले. तो सामना ऑस्ट्रेलियानें ३१–० असा जिंकला. आंकडा तोच, परंतु एकासमोर जगांतील निवडक संघांचा बचाव उभा होता, आणि दुसऱ्यासमोर पारपत्रांच्या अडचणींमुळें नवख्या पोरांना घेऊन मैदानांत उतरलेला चिमुकल्या बेटांचा संघ होता. थॉम्प्सनचा यांत कांहीं दोष नाहीं. पायाशीं आलेला चेंडू गोलांत घालणें हें त्याचें कामच होतें. या दोन तेरांना एका तराजूंत टाकणारा टीकाकार मात्र दोषास पात्र होईल.

वाङ्मयाच्या प्रांतांत असा निकाल आपण सहसा देत नाहीं. मोरोपंतांची पद्यरचना तुकोबांच्या अभंगांहून संख्येनें कितीतरी अधिक, म्हणून मोरोपंत तुकोबांहून थोर, असें म्हणणारास आपण अरसिक ठरवूं. खेळाच्या बाबतींत मात्र भलेभले रसिकही अखेरची बेरीज पाहून मोकळे होतात. यांत हानि दुहेरी आहे. गेलेल्या खेळाडूस आपली बाजू मांडावयास आतां उठून येतां येत नाहीं. आणि आजच्या खेळाडूचें यश 'हल्लीं सगळेंच सोपें झालें आहे' एवढ्या एका वाक्यानें धुऊन टाकलें जातें. दोघांसही न्याय मिळेल असें कांहीं माप सांपडतें काय, हें येथें पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम इंग्लंडांतील उदाहरण घेऊं. एव्हर्टन संघाचा डिक्सी डीन यानें १९२७–२८ च्या हंगामांत पहिल्या श्रेणीच्या साखळी स्पर्धेंत ३९ सामन्यांत ६० गोल केले. ५ मे १९२८ रोजीं आर्सेनलविरुद्धच्या शेवटच्या सामन्यांत त्याला तीन गोल हवे होते, आणि ते तीनही त्यानें केले. पुढें कित्येक दशकें लोटलीं, तरी त्या देशाच्या सर्वोच्च श्रेणींत कोणी हा आंकडा गांठूं शकलें नाहीं. २०२२–२३ च्या हंगामांत मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालांड यानें ३५ सामन्यांत ३६ गोल केले, तेव्हां १९९२ सालीं सुरू झालेल्या प्रीमियर लीगमधील तो नवा उच्चांक ठरला. कोठें साठ आणि कोठें छत्तीस! जुन्या पक्षाचा जयघोष येथेंच सुरू होतो.

परंतु डीनच्या साठ गोलांत एका नियमाचाही वांटा आहे. १९२५ पूर्वीं, पुढें असलेल्या खेळाडूकडे चेंडू दिला जातांना त्याच्या व गोलरेषेच्या मध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत; नाहीं तर तो ऑफसाइड ठरे. त्या वर्षापासून दोन खेळाडू पुरेसे झाले. बचावाच्या एका खेळाडूनें पुढें सरकून समोरच्याला ऑफसाइडच्या सापळ्यांत धरावयाचें व दुसऱ्यानें मागें राखण करावयाची, ही जुनी युक्ति एकाएकीं निकामी झाली. १९२४–२५ मध्यें पहिल्या श्रेणीच्या ४६२ सामन्यांत ११९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामांत तितक्याच सामन्यांत १७०३ झाले. सामन्यामागें सरासरी २.५८ होती, ती ३.६९ वर गेली. डीनच्या आदल्याच वर्षीं मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेल यानें दुसऱ्या श्रेणींत ५९ गोल केले होते, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. मधल्या हाफबॅकला मागें ओढून तिसरा बॅक बनविण्याची जी रीति हर्बर्ट चॅपमनच्या आर्सेनलनें रूढ केली, ती सर्वत्र मुरेपर्यंत आघाडीच्या खेळाडूंचे सुगीचे दिवस होते.

आतां थोडें गणित करूं. वाचकांनीं कंटाळूं नये. हालांडच्या त्या हंगामांत ३८० सामन्यांत १०८४ गोल झाले, म्हणजे सामन्यामागें २.८५. डीनची स्वतःची सरासरी सामन्यामागें १.५४ पडते व हालांडची १.०३. हालांडची ही सरासरी १९२५–२६ च्या सुगीच्या मानानें वाढवून धरली, तर ती १.३३ च्या आसपास येते. म्हणजे दोघांमध्यें दिसणाऱ्या अंतराचा अर्ध्याहून अधिक भाग काळाचा आहे, आणि राहिलेला डीनचा. हा राहिलेला भाग मात्र कोणी त्याच्यापासून हिरावून घेऊं नये. त्या हंगामांत एव्हर्टननें साखळींत एकंदर १०२ गोल केले. त्यांतले ६० या एकट्याचे होते. सिटीच्या ९४ गोलांत हालांडचे ३६ आहेत. शिवाय इंग्लिश लीगमध्यें १९६५ पर्यंत बदली खेळाडूची सोय नव्हती. दुखावलेला गडी लंगडत खेळे, किंवा संघ दहांचा होई. आणि १९२६ सालीं मोटारसायकलच्या अपघातांत ज्याची कवटी फुटली होती, त्याच माणसानें दोन वर्षांच्या आंत हा पराक्रम केला. डीन हा केवळ एका नियमाचें अपत्य होता, असें म्हणणें जितकें खोटें, तितकेंच हालांड त्याच्या जवळपासही येत नाहीं, असें म्हणणें खोटें.

दुसरी जोडी जर्मनींतील आहे. १९७१–७२ मध्यें बायर्न म्यूनिखच्या गेर्ड म्यूलरनें बुंडेसलीगाच्या ३४ सामन्यांत ४० गोल केले. हा विक्रम ४९ वर्षें टिकला. २२ मे २०२१ रोजीं, हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या क्षणीं, त्याच संघाच्या रॉबर्ट लेव्हान्डोव्स्कीनें आपला ४१ वा गोल केला. आणि तो दुखापतीमुळें २९ च सामने खेळला होता. संघाच्या गोलांतील वांटा पाहावा, तर म्यूलरचा १०१ पैकीं ४० आणि लेव्हान्डोव्स्कीचा ९९ पैकीं ४१. म्हणजे जवळजवळ सारखाच. परंतु समकालीनांच्या रांगेंत उभे करून पाहिलें, तर म्यूलरच्या खालोखाल क्लाउस फिशर २२ गोलांवर होता, आणि लेव्हान्डोव्स्कीच्या खालोखाल आंद्रे सिल्व्हा २८ वर. सामन्यांच्या हिशेबानें नवा पुढें जातो, समकालीनांच्या हिशेबानें जुना. अशा वेळीं एकाचें माप हातीं धरून दुसऱ्यास हिणवणें हें न्यायाचें लक्षण नव्हे.

तिसरा प्रश्न याहून नाजूक आहे: मोजावयाचें तरी काय? डिसेंबर २०२० मध्यें लिओनेल मेस्सीनें बार्सिलोनासाठीं ६४४ वा गोल केला, तेव्हां एकाच क्लबासाठीं ६४३ गोलांचा पेलेचा विक्रम मोडला, असें सर्वत्र छापून आलें. पेलेच्या सान्तोस क्लबानें यास हरकत घेतली. त्यांच्या हिशेबीं पेलेचे गोल १०९१ होते. कारण मैत्रीच्या सामन्यांतले ४४८ गोल लोकांनीं वगळले होते. वरवर पाहतां ही हरकत हट्टाची वाटेल. पण त्या काळीं सान्तोसचे दौरे ही कांहीं हवापालट नव्हती. पेलेचा खेळ पाहावयास जग पैसे मोजी, आणि त्या पैशांवर क्लबाचा संसार चाले. समोर इंटर मिलानसारखे नामांकित संघही असत. आजच्या मैत्रीच्या सामन्याची कल्पना त्या सामन्यांवर लादणें हा कालविपर्यास होय. उलटपक्षीं, त्यांत दुबळे प्रतिपक्षीही होते, हेंही नाकारतां येत नाहीं. सबब ते गोल अधिकृत गोलांत मिसळूं नयेत, आणि पुसूनही टाकूं नयेत. त्यांचा रकाना वेगळा ठेवावा, एवढेंच उचित आहे.

रकान्यांविषयीं बोलतांना आणखी एका रकान्याची आठवण देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. १ सप्टेंबर २०२१ रोजीं पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोनें इराणच्या अली दाईचा तेव्हां मान्य असलेला १०९ गोलांचा विक्रम ओलांडला, आणि राष्ट्रासाठीं जगांत सर्वाधिक गोल करणारा म्हणून त्याचा गौरव झाला. परंतु कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअर हिनें त्यापूर्वींच, जानेवारी २०२० मध्यें, अमेरिकेच्या ॲबी वॉमबॅकचा १८४ गोलांचा विक्रम मागें टाकला होता. आणि २०२३ च्या अखेरीस ती राष्ट्रीय संघांतून निवृत्त झाली तेव्हां तिच्या नांवावर १९० गोल होते. 'पुरुषांच्या खेळांत' हे दोन शब्द गाळल्यानें इतिहासच खोटा होतो.

सारांश, निरनिराळ्या काळांतील खेळाडूंची तुलना करतां येत नाहीं असें नाहीं. ती थेट करतां येत नाहीं, इतकेंच. प्रत्येकास आधीं त्याच्या काळांत उभा करावा, तेव्हांचे नियम व प्रतिपक्षी पाहावे, बरोबरीच्यांहून तो किती उंच होता तें मोजावें, आणि मगच दोन उंच्या शेजारीं ठेवाव्या. एवढें करूनही कांहीं उरतेंच. गर्दींतून चेंडू कोठें पडणार हें म्यूलरला इतरांच्या आधीं कसें कळे, हें कोणत्याही कोष्टकांत सांपडावयाचें नाहीं. आंकडा हा पारखीचा आरंभ होय. कोणाकडे पाहावें हें तो सांगतो, पाहण्याचें काम आपलें आपणच करावें लागतें.

मे २०२१ मध्यें चाळिसावा गोल करून म्यूलरची बरोबरी साधतांच लेव्हान्डोव्स्कीनें आपला सदरा वर केला. आंतल्या सदऱ्यावर म्यूलरचें चित्र होतें, आणि गेर्ड चिरकाल राहील अशा अर्थाचे शब्द. म्यूलर त्या वेळीं स्मृतिभ्रंशानें ग्रासलेला होता, आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तो वारला. विक्रम मोडणाऱ्या खेळाडूच्या ठायीं दिसलेली ही गुणज्ञता विक्रम मोजणारांच्याही ठायीं यावी, एवढीच आमची इच्छा आहे.