स्थिर जमिनीचे गृहीतक

भूजलाच्या संगणकीय नमुन्यांवर टीका होते ती बहुधा अपुऱ्या आकडेवारीवरून. खरा आक्षेप त्यांच्या मुळाशी असलेल्या एका गृहीतकावर घ्यायला हवा : पाणी हलते, जमीन हलत नाही.

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेली 'मॉडफ्लो' ही आज्ञावली आज जगभर वापरली जाते. तिच्या मूळ रचनेत भूस्तराची साठवणक्षमता हा न बदलणारा अंक आहे. उपसा झाला की पातळी उतरते, पुनर्भरण झाले की तेवढीच चढते. बेसाल्टच्या कातळात हे चालून जाते. पण अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. त्यांत वाळूबरोबर चिकणमातीही आहे.

कार्ल टेरझाघी यांनी 1925 मध्ये मांडलेला विचार इथे महत्त्वाचा ठरतो. वरच्या थरांचे ओझे काही अंशी मातीचे कण पेलतात, काही अंशी कणांमधले पाणी. पाणी काढले की तो भार कणांवर येतो. पातळी पूर्वीच्या नीचांकाखाली गेली की चिकणमाती कायमची दबते. मग कितीही पाऊस पडो, ती गेलेली जागा परत मिळत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात 1925 ते 1977 या काळात एके ठिकाणी जमीन सुमारे 9 मीटर खचली.

मॉडफ्लोला 2003 मध्ये 'सब' ही जोडणी मिळाली. ती तात्पुरते आणि कायमचे दबणे वेगळे मोजते. मात्र नमुन्यातील थरांची उंची जुनीच ठेवते. शिवाय तिला चिकणमातीची जाडी आणि पूर्वीचा नीचांक पुरवावा लागतो. ही माहिती नसली की जोडणी वगळली जाते, आणि 'मोजले नाही' याचा अर्थ उत्तरात 'घडले नाही' असा होऊन बसतो.

वऱ्हाडात हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी संत्रा-केळीच्या बागा बोअरच्या पाण्यावर उभ्या आहेत. खाली खारपाणपट्टा आहे. दबणाऱ्या चिकणमातीतून पिळून निघालेल्या पाण्याबरोबर आर्सेनिक येते, असे सॅन वाकीनबाबतच्या 2018 च्या अभ्यासात दिसले. खारपाणाच्या कडेला हीच शंका मिठाबद्दल घ्यायला हवी. त्यातच इथली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. एका हंगामाच्या उपग्रह-मोजणीवरून खचण्याचा निवाडा करता येत नाही.

म्हणून 'एका चांगल्या पावसाळ्यात विहिरी भरतील' असे सांगणाऱ्या प्रत्येक नमुन्याला आधी विचारावे : नीचांक कोणता धरला? चिकणमाती किती धरली? ही उत्तरे नसतील, तर त्या आश्वासनावर कुणी नवी बाग लावू नये.