सुतकाच्या घरातील प्रेमकथा

मुंबईत वाढलेल्या आणि स्वबळावर चित्रपटकलेकडे वळलेल्या रोहन परशुराम कानवडे यांनी २०१९च्या 'उ उषाचा' या लघुपटात एका शेतमजूर स्त्रीला शिक्षिकेविषयी वाटणारी ओढ रंगवली. त्यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट २०२५मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाच्या सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांचे प्रेम हा त्याचा विषय.

असे प्रेम म्हणजे शहरी खूळ, असे आपल्यात सहज म्हटले जाते. कानवडे त्यावर वाद घालीत नाहीत. ते त्या प्रेमाला सुतकाच्या घरात, लग्नाचा तगादा लावणाऱ्या नातलगांत आणून बसवतात. पार्श्वसंगीत नाही. गती संथ, क्वचित रेंगाळणारी. पण सुतकाचे दिवस तरी कुठे भराभर सरतात? मुलाला समजून घेणारी आई हे आमच्या मते चित्रपटाचे मर्म होय.

समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने गुन्हा राहिले नाहीत. घराचा निर्णय मात्र घरालाच करावा लागतो. तामसीसारख्या गावी पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या कुटुंबांनी हा चित्रपट आपला म्हणून पाहावा, असे आम्हांस वाटते.